७.६५ मि.मी. पिस्तुलासाठी रिकॉइल स्प्रिंग आणि गाइड रॉड कोणता निवडावा?

प्रश्न – मांडवीकाठ (पणजी)
नमस्कार. वडिलांकडून परवान्यानुसार रीतसर माझ्या नावावर झालेले जुने वॉल्थर पीपी पिस्तूल माझ्याकडे आहे. पावसाळ्यानंतर स्लाइड (नळीवरचा मागेपुढे सरकणारा भाग) कधी कधी पूर्ण मिटत नाही, अंगठ्याने पुढे ढकलावी लागते; शिवाय रिकाम्या पुंगळ्या पूर्वीपेक्षा लांब उडतात. परदेशी संकेतस्थळांवर जास्त पाउंडाची, म्हणजे जास्त जोराची, रिकॉइल स्प्रिंग (स्लाइड परत पुढे आणणारी) आणि पोलादी गाइड रॉड (स्प्रिंग जिच्यावर बसते ती दांडी) असा संच दिसतो. तो घ्यावा का?

उत्तर – तिस्क (फोंडा)
या पिस्तुलाला गाइड रॉड नसतोच. नळी फ्रेमला पक्की बसवलेली असून स्प्रिंग तिच्याभोवतीच असते, त्यामुळे तो संच आपल्या पिस्तुलासाठी असूच शकत नाही. नळीखाली रॉडवर स्प्रिंग असणारी रचना पाहायची असेल, तर त्याच काडतुसाचे कोल्ट १९०३ पाहावे.

स्प्रिंग मात्र मूळ ताकदीचीच घ्यावी. ही ब्लोबॅक रचना आहे; काडतूस फुटताना स्लाइडला कोणतीही कडी अडवत नाही, तिचे वजन आणि स्प्रिंगचा जोर एवढ्यावरच सारे चालते. स्प्रिंग मऊ पडली की स्लाइड फ्रेमवर जोरात आदळते, आणि फार कडक घेतली तर स्लाइड पुरेशी मागे जात नाही व पुंगळी बाहेर पडण्याच्या दारातच अडकते. ‘जास्त पाउंड म्हणजे जास्त चांगले’ हा समज विक्रेत्यांच्या सोयीचा आहे.

उत्तर – साळावली (सांगे)
वरील मत योग्य आहे, पण आधी साफसफाई करावी. आपल्या खाऱ्या, दमट हवेत तेल घट्ट होते, चेंबरमध्ये (नळीतल्या काडतूस बसण्याच्या जागेत) काजळी साचते आणि स्लाइड नेमकी अशीच अडते. निवडणुकीच्या वेळी पोलीस ठाण्यात जमा केलेले हत्यार परत आल्यावर तर हे हमखास करावे. पुंगळ्या लांब उडणे हे मात्र स्प्रिंग थकल्याचेच लक्षण वाटते. नव्या स्प्रिंगशेजारी जुनी ठेवली की लांबीतला फरक डोळ्यांना दिसतो. स्लाइड अर्ध्यावर अडकत असेल, तर मॅगझिन (काडतुसे भरायचा कप्पा) तपासावे. या काडतुसाची कड किंचित बाहेर असते, म्हणून वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या कडेमागे गेली की दोन्ही एकमेकांत अडकतात. तिथे नवी स्प्रिंग काहीच करू शकत नाही.

उत्तर – तिस्क (फोंडा)
एक राहिले. १९५९च्या शस्त्र कायद्यात ‘शस्त्र’ या व्याख्येत सुटे भागही येतात आणि दुरुस्तीच्या व्यवसायालाही परवाना लागतो. म्हणून कुरियरने काही मागवू नये. परवानाधारक विक्रेत्याकडे पिस्तूल व परवाना दोन्ही घेऊन जावे, आणि स्प्रिंग त्याच्याकडूनच बसवून घ्यावी. ती दाबलेली असते, सुटली तर थेट डोळ्याकडे येते.

मांडवीकाठ
आभारी आहे. संच मागवत नाही. आधी चेंबर साफ करतो आणि मग विक्रेत्याकडे मूळ मापाच्या स्प्रिंगची चौकशी करतो.