आईचा खवा आणि अकरा महिन्यांचा करार

विषय: आईच्या भाड्याच्या फ्लॅटमधलं मांजर, सल्ला हवाय
प्रेषक: गारखेड्याची लेक, सिंगापूर
सोमवार, रात्री

नमस्कार मंडळी,

आपल्या मराठवाडी मंडळींच्या मेल-यादीवर संक्रांतीच्या मेलांमध्ये माझं रडगाणं घुसवतेय, सांभाळून घ्या. आई संभाजीनगरला गारखेड्यात भाड्यानं राहते, तिसऱ्या मजल्यावर. बाबा गेल्यावर पैठणचा वाडा तिला खायला उठायचा, म्हणून मावशीच्या जवळ आली. गेल्या श्रावणात जिन्यात एक पांढरं पिल्लू ओलंचिंब बसलेलं सापडलं. दोन दिवस ठेवते म्हणाली, तिसऱ्या दिवशी नाव ठेवून मोकळी: खवा. कुंथलगिरीच्या खव्यासारखा पिवळसर पांढरा आहे म्हणून. आता त्याचा चांगला दांडगा बोका झालाय आणि दार उघडं असलं तरी उंबरा ओलांडत नाही.

परवा घरमालकांचा फोन आला. ते पहिल्या मजल्यावरच राहतात. ‘मार्चअखेर करार संपायलाय. मांजर राहणार असेल तर पुढचा करार होणार नाही.’ कारण विचारलं तर वास येतो म्हणे, बाकी काही नाही. आईचं म्हणणं, ‘तो कुणाचं काय खायलाय? दिवसभर कूलरवर तर झोपायलाय.’ (थंडीत बंद असलेल्या कूलरवर त्याला गोधडी घालून दिलीय.)

करारात प्राण्यांबद्दल एक ओळही नाही. इथं बसून मी नेमकं काय करू?

---

विषय: उत्तर: आईच्या भाड्याच्या फ्लॅटमधलं मांजर
प्रेषक: जालनेकर काका
मंगळवार, सकाळी

बाळा, आधी हे सांग की कराराची नोंदणी झालीय का, की नुसता स्टॅम्पपेपर आणि नोटरीचा शिक्का? महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९, कलम ५५: करार लेखी हवा, नोंदवलेला हवा आणि नोंदवायची जबाबदारी घरमालकाची. नोंदवला नसेल आणि अटींवरून वाद झाला, तर उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरूचं म्हणणं खरं धरतात.

सोसायटीवाले आडवे आले तर त्यालाही उत्तर आहे. पशुकल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात की बहुमतानं ठराव केला तरी सोसायटीला पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही. पण तुझं भांडण सोसायटीशी नाहीच, मालकाशी आहे. अकरा महिने संपल्यावर पुन्हा घर द्यायचं की नाही, ही त्याची मर्जी. मुदत संपूनही चिकटून बसलं तर कलम २४ आहे, भाड्याच्या दुप्पट दरानं भरपाई मागता येते. म्हणून कलमं खिशात ठेव, बाहेर काढू नकोस.

आणि ‘वास येतो, बाकी काही नाही’ यातल्या ‘बाकी काही नाही’वर माझा विश्वास नाही. चाळीस वर्षं भाडेकरू आणि मालक बघितलेत मी.

---

प्रेषक: लातूरकर, सिंगापूर
मंगळवार, दुपारी

काका, कायद्याचं म्हणाल तर इथले आम्ही बोकेवाले २०२४ पर्यंत सरळसरळ चोर होतो. सरकारी वसाहतीच्या फ्लॅटमध्ये कुत्रा चालायचा, मांजर नाही. कुणी जेवायला आलं की पाहुण्यांना चपला काढायला जरा वेळ लावायचा आणि तेवढ्यात मांजर आतल्या खोलीत कोंडायचं. तुमच्यापैकी निम्म्यांनी आमच्याकडं बेसन-भाकरी खाल्लीय, पण मांजर एकानंही बघितलेलं नाही! १ सप्टेंबर २०२४ पासून फ्लॅटमागे दोन मांजरं चालतात, लायसन्स काढायचं आणि मायक्रोचिप बसवायची.

लपवालपवीची वर्षं आठवली की सांगावंसं वाटतं, आईला काही लपवायला लावू नका. मालकाला वर बोलवा, चहा पाजा, बोका दाखवा.

आणि खिडक्या! तिसरा मजला आहे म्हणून सांगतोय. मांजर पायांवर पडतं हे खरं, पण पडल्यावर पाय मोडतात, जबडा फुटतो. डासांची जाळी बोका दोन दिवसांत फाडतो. ग्रिलला आतून तारेची जाळी लावा आणि बांधकामाच्या तारेनं आवळून घ्या. भिंतीला भोक नाही, त्यामुळं मालकाची कुरकुर नाही.

---

प्रेषक: परभणीकर
मंगळवार, रात्री उशिरा

मी परभणीच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकलो तेव्हा मांजर हा पेशंटच नव्हता. आमचे पेशंट म्हणजे लालकंधारी, देवणी गाई-बैल आणि म्हशी. मांजरं मी परदेशात आल्यावर शिकलो. तरी तीन गोष्टी विचारतो. खवा खातो काय? त्याची नसबंदी झालीय का? आणि शी-शू कशात करतो?

---

प्रेषक: गारखेड्याची लेक
बुधवार

आईला फोन लावून विचारलं. दूध-भाकरी खातो, कधी वरण-भात. आमचं घर माळकरी, अंडंसुद्धा उंबऱ्याच्या आत येत नाही. नसबंदी नाही. एका घमेल्यात माती घातलीय, आई ती आठवड्यानं बदलते, कारण घमेलं धुवायला पाणी कुठंय? नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी येतं आणि ते टाकीत साठवून पुरवायचं. वास मारण्यासाठी ती रोज फिनाइल ओतते.

---

प्रेषक: परभणीकर
बुधवार, रात्री

मिळालं उत्तर. मालक खोटं बोलत नाहीत.

खवा सहा-सात महिन्यांचा झाला, म्हणजे वयात आला. नसबंदी न केलेला बोका भिंतीवर, दारावर उभ्यानं फवारा मारतो, आणि त्या मुताचा दर्प साध्या मुतासारखा नसतो. आईला सवय झालीय, जिन्यातून जाणाऱ्याला नाही. आधी नसबंदी. बोक्याची शस्त्रक्रिया छोटी असते, बहुधा संध्याकाळी घरी आणता येतो. वास लगेच नाही, पण काही आठवड्यांत उतरतो. त्याच फेरीत लसी: मांजरांची तिहेरी लस आणि रेबीजची. घराबाहेर जात नसला तरी रेबीजची द्याच. त्याचं कार्ड मालकाला दाखवायला उपयोगी पडेल, हे जालनेकर काकांनाही पटेल.

घमेलं. आपली काळी माती ओली झाली की चिकटते आणि वास धरून ठेवते. बेंटोनाइटचा ‘लिटर’ (मांजराच्या घमेल्यात घालायची खास माती) आणा, ओला झाला की त्याचा गोळा होतो. थर दोन-तीन इंच हवा. रोज फक्त गोळे आणि शी झाऱ्यानं काढायची, कागदात गुंडाळून घंटागाडीत द्यायची. संडासात टाकू नका, तुंबेल. पाण्याची ओढ असलेल्या शहरात हाच मार्ग सोयीचा, घमेलं महिन्यातून एकदा-दोनदा धुतलं तरी भागतं. फिनाइल मात्र बंद. त्यातल्या फिनॉलच्या जातीची रसायनं मांजराचं यकृत नीट पचवू शकत नाही, आणि पाय तर ते दिवसभर चाटत असतं. तशीच दुसरी वस्तू पॅरासिटामॉल. ‘कणकण दिसतेय’ म्हणून अर्धी गोळीसुद्धा नको, एका गोळीत बोका जातो.

आता नाजूक विषय. मांजराला टॉरिन लागतं, ते त्याच्या शरीरात पुरेसं तयार होत नाही आणि मिळतं फक्त मांसातून किंवा तयार खाण्यात वरून घातलेलं. दूध-भाकरीवर काही महिने-वर्षं काढली तर डोळ्यांचा पडदा आणि हृदय, दोन्ही जाऊ शकतात. शिवाय मोठ्या मांजराला दूध पचतंच असं नाही, आई ‘त्याचं पोट सारखं बिघडतं’ म्हणत असतील तर ते त्यामुळंच. पाकिटातलं कोरडं खाणं द्या. सोबत पाण्याची दोन-तीन भांडी ठेवा, उन्हाळ्यात तर चार. बोका घमेल्यात बसून कुंथतोय आणि थेंब पडत नाही असं दिसलं तर रात्र काढायची नाही, तडक डॉक्टर. मूत अडकलेला बोका दोन दिवसही निभावत नाही.

आईंना सांगा, नामदेव महाराज तुपाची वाटी घेऊन कुत्र्यामागं धावले होते. त्यांचं गाव नरसी काही फार लांब नाही.

---

प्रेषक: यादी सांभाळणारा
गुरुवार

हळदीकुंकवाला किती जणी येणार, एवढं तरी कुणीतरी कळवा. हॉलवाला विचारतोय. बोका चालू द्या.

---

प्रेषक: गारखेड्याची लेक
शनिवार

काका, तुम्ही जिंकलात. लातूरकरांचं ऐकून आईनं मालकीणबाईंना चहाला बोलावलं. दुसऱ्या कपाला खरं बाहेर पडलं. त्यांची सून पाच महिन्यांची गरोदर आहे आणि तिला कुणीतरी सांगितलंय की मांजरामुळं पोटातलं मूल दगावतं. वासाचं निमित्त होतं (वास होता हेही खरं). सून जिन्यातून चढायलासुद्धा घाबरते म्हणे. आता यावर मी काय बोलू? मला स्वतःला माहीत नाही.

---

प्रेषक: उदगीरच्या डॉक्टर ताई
शनिवार, रात्री

भीती पोकळ नाही, पण पत्ता चुकलाय. टोक्सोप्लाझ्मा नावाचा परजीवी मांजराच्या विष्ठेतून बाहेर पडतो. ताज्या विष्ठेतून लागण होत नाही, तो लागण करण्याजोगा व्हायला एक ते पाच दिवस लागतात. म्हणून रोज घमेलं साफ असेल तर धोका फार कमी, आणि आठवड्यानं साफ केलं तर जास्त. हे आईला स्पष्ट सांग. शिवाय मांजराला तो मिळतो उंदीर-पक्षी किंवा कच्चं मांस खाऊन. घराबाहेर न गेलेल्या, पाकिटातलं खाणाऱ्या खव्याकडे तो येणार कुठून?

जिन्यातून, हवेतून, केसातून हे लागत नाही. सूनबाईंनी घमेल्याला हात लावायचा नाही, आणि तो लावायचा प्रश्नच नाही. त्यांनी भाज्या, कोथिंबीर नीट धुवाव्यात, बागकाम करताना हातमोजे घालावेत, मटण पूर्ण शिजवलेलं खावं. तरी शंका असेल तर त्यांच्या डॉक्टरांकडून रक्ततपासणी करून घेता येते. तू मालकीणबाईंशी बोलू नकोस, सुनेशी बोल. घाबरलीय ती.

---

प्रेषक: गारखेड्याची लेक
तीन आठवड्यांनी

मंडळी, हिशोब देते.

सुनेशी अर्धा तास बोलले. ती बी.एस्सी. आहे, मला वाटलं होतं त्यापेक्षा लवकर समजली, तिनंच सासऱ्यांना समजावलं. तपासणी करून घेतली, निकाल मी विचारला नाही. नसबंदी झाली. खवा एक दिवस रुसून कूलरवरून खाली आला नाही. लिटर आला, फिनाइल गेलं. जाळी बसवली, भोक एकही नाही. पाकिटाचं मात्र चार दिवस चाललं. आई माळेकडे बघायची, पाकिटाकडे बघायची. शेवटी लांब दांड्याचा चमचा वेगळा केला, पाकीट गॅलरीतल्या डब्यात गेलं आणि मला सांगितलं, ‘खाणारा तो, मी नुसती वाढणारी.’

नव्या करारात एक ओळ घातलीय, जालनेकर काकांनी लिहून दिलेली: ‘एक पाळीव मांजर सदनिकेच्या आतच ठेवले जाईल, त्यामुळे नुकसान झाल्यास खर्च अनामत रकमेतून वळता करावा.’ मालकांनी खाली हातानं भर घातली: ‘मांजर जिन्यात आणू नये.’ आईनं सही केली. या वेळी नोंदणीही होतेय.

आता पुढची अडचण. आई मे महिन्यात दीड महिना माझ्याकडे यायचीय, तिकीट काढलंय. सूनबाईंची तारीख त्याच सुमारास, त्यामुळं मालकांना सांगता येणार नाही. मावशी मांजर दिसलं की खुर्चीवर चढते. गारखेडा, पुंडलिकनगर, सूतगिरणी चौक, या भागात कुणाचं कुणी आहे का, जे रोज एकदा येऊन घमेलं बघेल आणि कूलरच्या टाकीत पाणी भरेल?