साळुंकी पुढे कुठे जाणार, म्हणे नकाशात दिसतं!

अंबाजोगाईकर
परवा 'विदावाला' यांनी तो लाल-पिवळा नकाशा टाकला, साळुंकी पुढच्या पन्नास वर्षांत जगात कुठंकुठं पोचणार त्याचा, आणि खाली एक ओळ ठेवून दिली: "हवामान जुळलं की पक्षी पोचतोच, बाकी सगळा तपशील." दोन दिवस गप्प बसलो, पण ती ओळ काही डोक्यातून जाईना, म्हणून वेगळा धागा काढतोय.

मी मेलबर्नला राहतो. इथे साळुंकी हवामान बघून आलेली नाही हो. 1862 पासून इथल्या साहेबांनी ती पिंजऱ्यात घालून बोटीने आणवली, भाजीच्या मळ्यातले किडे खाईल म्हणून. किडे राहिले बाजूला, ही बाजारात सांडलेलं खायला लागली. तरी अक्कल आली का, तर नाही, 1883 मध्ये इथूनच उचलून क्वीन्सलँडला नेली, आता उसातले किडे खाईल म्हणून. कॅनबेरात तर 1968 च्या सुमारास सोडली, म्हणजे माणूस चंद्रावर जायला निघाला होता तेव्हा. प्रत्येक ठिकाणी एक माणूस आणि एक पिंजरा आहे. तुमच्या नकाशात तो माणूस कुठल्या रंगाने दाखवलाय?

आणि ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम टोकाचं पर्थ? नकाशात लालभडक, म्हणजे साळुंकी पोचणारच. प्रत्यक्षात तिथे साळुंकीची वस्ती नाही. मध्ये नलारबोरचं ओसाड मैदान आहे आणि एखादी जरी दिसली तरी मागे लागणारं सरकारी खातं आहे. हवामान बिचारं कधीचं जुळून बसलंय.

लंडनला मोकळे राहणाऱ्या पोपटांचं बोलायचं तर 1969 मध्ये शेजारच्या केंटमध्ये घरटी सापडली तेव्हा आपला पेरू खाणारा पोपट त्या गारठ्यात टिकेल असं कुठल्या नकाशाने सांगितलं होतं? आज बागेत दाण्याच्या जाळीला लटकलेले असतात, बर्फात.

विदावाला
माझी ओळ ढोबळ होती, मान्य. एका ओळीवर एवढा निबंध येईल हे मात्र माझ्या मॉडेलने (ज्या गणितावरून नकाशा काढला त्याने) सांगितलं नव्हतं.

आता मुद्द्याचं. तुम्ही तीन प्रश्नांची खिचडी केलीय. पक्षी येणार का, आला तर टिकणार का, आणि टिकला तर किती वेगाने पसरणार. पहिला सगळ्यात अवघड, कारण तो पक्ष्याचा प्रश्नच नाही, बंदराचा आणि पाळीव पक्ष्यांच्या दुकानाचा आहे. माझा नकाशा दुसऱ्याबद्दल आहे. त्यात हवामान चालतं. न्यूझीलंड बघा, साळुंकी 1870 च्या दशकात दोन्ही बेटांवर सोडली. दक्षिणेच्या थंड बेटावरून ती नाहीशी झाली, उत्तरेच्या बेटावर उच्छाद मांडला. माणूस तोच, पिंजरा तोच. फरक कशाचा?

पोपटाबद्दल: युरोपातल्या पोपटांचे जनुक तपासले तेव्हा ते मुख्यतः पाकिस्तान आणि उत्तर भारतातले निघाले. म्हणजे ज्यांना थंडीची सवय होती तेच. तुमचा पेरूवाला अंबाजोगाईचा पोपट लंडनला गेलाच नाही.

अंबाजोगाईकर
जनुकावरूनच बोलायचं तर ऐका. 2023 मध्ये साळुंकीच्या जनुकांचा मोठा अभ्यास आला, 814 पक्षी तपासले. मेलबर्नच्या आणि फिजीच्या साळुंक्यांचं मूळ कुठलं निघालं माहितीय? महाराष्ट्र! न्यूझीलंडच्या साळुंक्या मेलबर्नहूनच गेलेल्या, म्हणजे त्यांचीही पणजी आपलीच. हवाई आणि दक्षिण आफ्रिकेच्या भारतातल्याच पण दुसऱ्या भागातल्या. मग आता सांगा, मराठी मुलखातली उन्हात भाजलेली साळुंकी मेलबर्नच्या जुलैत, जेव्हा मी दोन स्वेटर घालून कचरा टाकायला जातो, तेव्हा शेजारच्या कौलावर बसून शिट्ट्या कशी मारते?

विदावाला
मेलबर्नच्या हिवाळ्यात पाणी क्वचितच गोठतं. महाबळेश्वरला पण साळुंक्या असतात. दोन स्वेटर हा तुमचा प्रश्न आहे, पक्ष्याचा नाही.

गॅलरीग्रस्त
हे सगळं ठीक आहे पण कबुतरांचं काय? आमच्या सोसायटीत सातव्या मजल्यापर्यंत एकही एसी असा नाही ज्याच्यामागे अंडी नाहीत. मावशीला छातीचा त्रास सुरू झाला, डॉक्टरने पहिला प्रश्न विचारला "घराजवळ कबुतरं आहेत का?" आणि समोरच्या विंगमधले एक काका रोज सकाळी ज्वारी टाकतात, बोललं तर म्हणतात पुण्य आहे. यांचा नकाशा काढा कोणीतरी.

टोकेरी
@गॅलरीग्रस्त, कबुतर आपल्याकडचंच आहे हो, इन्व्हेजिव (बाहेरून येऊन बोकाळलेलं) नाही.

गॅलरीग्रस्त
माझ्या गॅलरीत इन्व्हेजिवच आहे.

टोकेरी
मी पंधरा वर्षं पक्षी बघतेय म्हणून दोन्ही पार्ट्यांना थोडं ऐकवते. विदावाला, तुमचा "हवामान, बाकी तपशील" हा खरंच पोरकटपणा आहे, परका पक्षी टिकतो की नाही ते सगळ्यात जास्त ठरतं किती पक्षी सोडले आणि किती वेळा सोडले यावर, हे न्यूझीलंडच्या जुन्या नोंदींवरूनच तर कळलं, परके पक्षी आणून सोडणाऱ्या तिथल्या मंडळ्यांनी कुठला पक्षी किती नग आणला ते वहीत लिहून ठेवलं होतं. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कात 1890 मध्ये साठ स्टार्लिंग (युरोपातली साळुंकीची भावंडं) सोडले, पुढच्या वर्षी आणखी चाळीस. सहा सोडले असते तर कदाचित कोणाला त्यांचं नावही आठवलं नसतं.

आणि अंबाजोगाईकर, सगळं माणसावर ढकलू नका. गळ्यात काळी पट्टी असलेला होला घ्या, आपल्याकडे माळावर दिसतो तो. शतकानुशतकं तुर्कस्तान-बाल्कनच्या कोपऱ्यात बसून होता, 1930 च्या आसपास काय अंगात आलं कोण जाणे, निघाला वायव्येला, 1955 ला इंग्लंडात घरटं. कोणी पिंजरा नेला नाही. निघेल हे कोणी सांगितलं नव्हतं, पण एकदा निघाल्यावर दरवर्षी किती पुढे सरकेल हे गणित बऱ्यापैकी बसलं. सुरुवात सांगता येत नाही, वेग सांगता येतो.

विदावाला
हेच तर मी म्हणत होतो.

टोकेरी
नाही, तुम्ही हे म्हणत नव्हता. वर जाऊन वाचा.

सिडनीची_सुनबाई
मला नकाशाशी घेणं नाही, पण साळुंकीच्या "इंडियन मायना" या इथल्या नावाचा मला भयंकर राग आहे. कागदोपत्री "कॉमन मायना" पण बोलताना सगळे इंडियनच म्हणतात. लेकीच्या शाळेत प्रोजेक्ट होता उपद्रवी प्राण्यांवर, बाईंनी वर्गात सांगितलं की इंडियन मायना आले आणि इथल्यांची घरं बळकावली. वर्गात इंडियन एकच, माझी लेक. घरी येऊन विचारते, आई आपण पण कोणाचं घर घेतलंय का. मी काय सांगू?

त्यात 100 सर्वात वाईट परक्या प्रजातींची ती आंतरराष्ट्रीय यादी, तिच्यात पक्षी फक्त तीन. साळुंकी, लालबुड्या बुलबुल आणि स्टार्लिंग. तीनातले दोन आपल्याकडचे. नेणारे कोण होते ते यादीत लिहीत नाहीत.

खडूस_काका
ताई, पक्ष्याचं नाव आहे ते, तुमच्या लेकीचं नाही. प्रत्येक गोष्टीत वर्णद्वेष शोधायचा म्हणजे कमाल आहे. जर्मन गोवर म्हणतो ना आपण.

सिडनीची_सुनबाई
काका, तुमच्या नातीला गोवर म्हणून हाक मारल्यावर बोलू.

अंबाजोगाईकर
नावावरून विषय निघालाच आहे तर आमच्याकडचा किस्सा सांगतो, आजवर लिहिला नव्हता.

मागच्या वर्षी आई आली होती तीन महिने. शेजारच्या आजोबांनी परसात साळुंकीचा सापळा लावलेला. दोन कप्प्यांची जाळी असते, खालून चालत आत शिरायचं, मग वरच्या कप्प्यात जायचं, परत यायला वाट नाही. आत कुत्र्याचं सुकं खाणं, त्याच्यावर जीव टाकतात साळुंक्या. एक जिवंत साळुंकी आत ठेवतात म्हणजे बाकीच्या तिला बघून येतात. आई सकाळी तुळशीला पाणी घालताना ती ओरडणारी साळुंकी ऐकून कुंपणापाशी गेली, आणि मला आत येऊन म्हणते, "अरे आपली साळुंकी आहे, अडकलीय बिचारी." मी मीटिंगमध्ये होतो, म्हटलं हो हो. दहा मिनिटांनी बाहेर गेलो तर सापळा उघडा, चार साळुंक्या कौलावर आणि आई हात पुसत.

आजोबा तीन आठवडे बोलले नाहीत.

टोकेरी
गंमत वाटतेय वाचायला, पण हे गमतीचं नाही. साळुंकी झाडाच्या ढोल्या बळकावते, तिथल्या रोझेला पोपटांना अंडी घालायला जागा उरत नाही. कॅनबेरात 2006 पासून रहिवासी गट करून हेच सापळे लावतायत, रविवारची सुट्टी घालवून. तुमच्या आईंनी चार सोडल्या म्हणजे वर्षभरात किती?

अंबाजोगाईकर
माझ्या 68 वर्षांच्या आईला तुम्ही पर्यावरणाची गुन्हेगार ठरवताय का? तिने आयुष्यभर अंगणात चिमण्यांना तांदूळ टाकलेत, तिला कोण सांगणार की इथे साळुंकी उपद्रवी ठरलीय.

टोकेरी
आईंना नाही, तुम्हाला. मीटिंगमधून "हो हो" कोण म्हणालं?

खडूस_काका
+1

जुना_वाचक
आणि हे सापळेवाले तरी काय ओळखून पकडतात? तिथलाच एक नॉइझी मायनर नावाचा पक्षी आहे, त्याचीही चोच पिवळी, डोळ्यामागे पिवळं. तो राखाडी, साळुंकी तपकिरी आणि डोकं काळं, उडाली की पंखात पांढरं दिसतं. नावात फरक अर्ध्या अक्षराचा. माझ्या मेहुण्याने ब्रिस्बेनला एक पकडून अभिमानाने फोटो पाठवला, तो देशी निघाला. मुकाट सोडून दिला.

मोंबासाचा_भाचा
साळुंकीचं काय घेऊन बसलात, आमच्याकडे केनियाच्या किनाऱ्यावर कावळा आहे. मुंबईचाच, राखी मानेचा. 1890 च्या दशकात झांझिबारला मुद्दाम नेला, घाण साफ करील म्हणून, तिथून सगळा किनारा धरला. 2024 मध्ये केनियाच्या वन्यजीव खात्याने दहा लाख कावळे मारायचं जाहीर केलं, विष घालून. हॉटेलात नाश्त्याला बसलो की एका हाताने ऑम्लेट झाकून दुसऱ्याने खायचं. मामीचं मात्र म्हणणं वेगळं, पितृपक्षात पान ठेवलं की दुसऱ्या मिनिटाला शिवतो, पुण्याला वन्संना तासभर गच्चीवर उभं राहावं लागतं.

विदावाल्यांना प्रश्न: हॉलंडला 1994 मध्ये बंदरात दोन कावळे उतरले आणि त्या थंडीत वाढून दोन-तीन डझन झाले, शेवटी सरकारला गोळ्या घालाव्या लागल्या. ते कुठल्या नकाशात होते?

विदावाला
कुठल्याच नाही. जहाजावर बसून येणारा पक्षी नकाशात पकडता येत नाही, जहाजांचे मार्ग घातले तर थोडा येतो. पोपटाच्या मॉडेलमध्येही नुसतं मूळ प्रदेशाचं हवामान घातलं तर युरोप कमीच दिसतो, माणसांची वस्ती घातली की सुधारतं. झालं समाधान? अंबाजोगाईकर, तुमचा पिंजरेवाला माणूस घेतला मॉडेलमध्ये. आता आई पण घेतो, सापळ्यामागे एक.

पण हे पण बघा, नकाशा नसेल तर नजर कुठे ठेवायची? सेशेल्सला माहे बेटावर आपले पोपट वेळेत धरले, साडेपाचशेच्या आसपास होते, तेवढे संपवायलाही कित्येक वर्षं गेली. का, तर शेजारच्या प्रालें बेटावर त्यांचा काळा पोपट आहे, जगात दुसरीकडे नाही. मेलबर्नला आज तसं करून दाखवा.

अंबाजोगाईकर
नजर ठेवायला नकाशा हवा, एवढं मान्य. "बाकी सगळा तपशील" हे शब्द मागे घेतले की मी पण गप्प बसतो.

विदावाला
"बाकी बराचसा तपशील."

सिडनीची_सुनबाई
आई परत कधी येतायत हो? आमच्या शेजारी पण एक सापळा आहे.

टोकेरी
🤦

गॅलरीग्रस्त
एवढे सगळे तज्ज्ञ जमलेत तर कोथरूडमधल्या चांगल्या जाळीवाल्याचा नंबर व्यनि (खाजगी निरोप) करा. मागच्याने लावलेली जाळी दोन महिन्यांत सुटली आणि आता कबुतरं आतल्या बाजूला अडकलीत.