पँथर ग्रुपर नागपुरात पाळता येईल का?

प्रश्न : पँथर ग्रुपर या समुद्री माशाचं, पांढऱ्या अंगावर काळे ठिपके असलेलं बोटाएवढं पिल्लू मिळतंय. २०० लिटरच्या खाऱ्या टाकीत चालेल का?

प्रतिसाद १ : नाही भाऊ. हा गोबरा या समुद्री माशाचा भाईबंद, ७० सेंमीपर्यंत वाढतो. प्रवाळाच्या कपारीत दबा धरतो आणि जबडा एकदम उघडून भक्ष्य पाण्यासकट आत ओढतो. तोंडात मावणारे मासे, कोळंबी गेलीच समजा.

प्रतिसाद २ : उन्हाळाही बघा. पाणी २४ ते २७ अंश हवं. तापलं की त्यातला ऑक्सिजन घटतो, मासा धापा टाकतो. मे महिन्यात चिलर (पाणी थंड करणारं यंत्र) लागतोच. आटलेलं पाणी आरओच्या पाण्यानं भरा. खारं घातलंत तर क्षार वाढत जातात.

प्रश्नकर्ता : आणि नर-मादी?

प्रतिसाद १ : आधी सगळ्या माद्या, मोठेपणी काहींचा नर होतो.