लहान मुलांसाठी चांगलं मैदान आणि स्प्लॅश पॅड कसं निवडता?

मंडळी, मदत हवी आहे. धाकटी दोन वर्षांची, थोरला सात वर्षांचा. दोघांनाही एकाच वेळी मनसोक्त खेळता येईल अशा जागा शोधतेय. नेटवर फोटो भरपूर मिळतात, पण सावली कुठे आहे, कुंपण आहे का, स्वच्छतागृह किती लांब आहे, हे त्यात काही कळत नाही. मोठ्या मुलांच्या घसरगुंडीवर धाकटी चढायला लागली की माझा जीव वरखाली होतो, त्यामुळे लहानग्यांचा भाग वेगळा असलेलं मैदान मला जास्त पटतं. खाली रबर किंवा जाड वाळू हवीच. आणि भर दुपारी धातूच्या घसरगुंडीने पाय भाजू शकतात, तेव्हा उन्हाळ्यात तुम्ही किती वाजता जाता?

खरी काळजी स्प्लॅश पॅडची, म्हणजे जमिनीतून कारंजी उडतात त्या पाण्यात खेळायच्या जागेची. पाणी साचत नाही म्हणून बुडण्याची भीती कमी, हे मान्य. पण बऱ्याच ठिकाणी तेच पाणी गाळून, क्लोरीन घालून पुन्हा फिरवतात. क्रिप्टोस्पोरिडियमसारखा जुलाब करणारा परजीवी क्लोरीनच्या पाण्यातही काही दिवस तग धरतो, आणि धाकटी तर कारंजं दिसलं की आधी तोंडच लावते! पाणी फिरवून वापरतात की थेट ताजं सोडतात, हे तिथे कुणाला विचारता? पाण्याची तपासणी किती वेळा होते हे विचारल्यावर नीट उत्तर मिळतं का? डायपरमधल्या मुलांना तुम्ही नेता का, की थोडं थांबावं?

नवी जागा हेरण्याची तुमची पद्धतही सांगा, अगदी बारीकसारीक तपशिलासकट.