टॉम गॉडविनची 'द कोल्ड इक्वेशन्स': रडवते, पण रास्त रडवते का?

धूमकेतू:
ही विज्ञानकथा (नावाचा अर्थ 'थंड समीकरणं') ऑगस्ट १९५४ च्या 'अस्टाउंडिंग सायन्स फिक्शन' मासिकात आली. परवा पुन्हा वाचली. घसा दाटलाच, पण या वेळी रागही आला. (पुढे शेवट फोडलाय. वाचायची असेल तर आधी वाचून या.)

वोडेन ग्रहावर सहा माणसं तापानं मरणाच्या दारात. त्यांच्यासाठी सीरम घेऊन एक छोटं यान निघतं. इंधन अगदी मोजून भरलेलं, चालक बार्टन आणि औषध यांच्यापुरतं. कपाटात कुणीतरी लपलंय हे त्याला तापमापकाच्या काट्यावरून कळतं. नियम असा, की चोरून चढलेला सापडला की यानाबाहेर फेकायचा. दार उघडतं तर आत अठरा वर्षांची मॅरिलिन. भाऊ त्याच ग्रहावर कामाला, त्याला भेटायचं म्हणून घुसलेली. तिला वाटतं, विनातिकीट प्रवासासारखा दंड भरला की सुटलो. शेवटी ती स्वतःच्या पायांनी एअरलॉकमध्ये, म्हणजे यानाबाहेर उघडणाऱ्या कप्प्यात, जाते.

माझं म्हणणं एवढंच, की तिचा जीव भौतिकशास्त्रानं घेतला नाही. गलथान कारभारानं घेतला. यानाकडे जाणाऱ्या दारावर 'आत येऊ नये' अशी पाटी, पण कुलूप नाही! निघण्याआधी एकदा कपाट उघडून बघायचं कुणाला सुचलं नाही? आणि लेखक मात्र सगळा दोष समीकरणावर ढकलून मोकळा.

रुद्रवीणा:
असहमत. कथा म्हणजे अपघाताचा चौकशी अहवाल नव्हे. त्या काळच्या मासिकांत नायक शेवटच्या पानावर हमखास काहीतरी शक्कल काढायचा. इथे वाचक त्याच भरवशावर वाचत राहतो आणि शक्कल येतच नाही. उगाच नाही १९७० च्या 'सायन्स फिक्शन हॉल ऑफ फेम' संग्रहासाठी अमेरिकेतल्या विज्ञानकथालेखकांनीच हिला निवडलं.

आणि बारकावे बघा ना. तिच्या सँडल आधी भारी वाटतात. नंतर बार्टनचं लक्ष जातं, तर कातडं प्लॅस्टिकचं आणि खडे काचेचे. तिच्या लहानपणी मांजराचं पिल्लू गाडीखाली गेलं, तेव्हा भावानं अपरात्री दुकानदाराला उठवून हुबेहूब तसंच दुसरं आणून दिलं होतं. तोच भाऊ शेवटी रेडिओवर येतो. या खेपेला त्याला बदली आणून देता येत नाही. मला तरी कथेचा खरा घाव इथे बसतो. इंधनाचा हिशोब मी कधीच विसरले.

नटबोल्ट:
इंधनाचा हिशोब विसरून कसं चालेल? कथेचं नावच तो आहे! व्यवसायानं मेकॅनिकल इंजिनिअर असल्यानं राहवत नाही. जिथे लोकांचे जीव अवलंबून आहेत तिथे राखीव शून्य ठेवणारा डिझायनर नोकरीत राहू नये. शिवाय बार्टनच्या कमरेला ब्लास्टर (विज्ञानकथेतली बंदूक) आहे. कपाटाला दार आहे. एवढी काटकसर होती तर हे वजन कशाला वाहिलं?

रुद्रवीणा:
दार आणि ब्लास्टर फेकून एका माणसाचं वजन भरून निघेल? आणि अपोलो ११ चं ईगल हे यान १९६९ मध्ये चंद्रावर टेकलं तेव्हा उतरण्याचं इंधन मिनिटभरही पुरलं नसतं म्हणतात. प्रत्यक्षातही गोष्टी अशाच काठावर असतात.

नटबोल्ट:
काठावर होत्या, कारण आर्मस्ट्राँग खडकाळ जागा टाळून पुढे गेला. म्हणजे राखीव ठेवलेलं होतं म्हणूनच वापरता आलं. तुम्ही माझाच मुद्दा मांडताय.

अर्धविराम:
ज्याबद्दल कुणी बोलत नाहीये ते सांगतो. कथेतच सरळ म्हटलंय, की लपलेला पुरुष असता तर प्रकरण केव्हाच आटोपलं असतं. म्हणजे करुणा उभी आहे ती 'पोरगी, निरागस, अठरा वर्षांची' यावर. चाळिशीचा टक्कल पडलेला हिशेबनीस असता तर तुम्ही रडला असता का? समीकरण तेच, वजन थोडं जास्तच.

रुद्रवीणा:
हा मुद्दा मान्य. तिथे गॉडविन जरा स्वस्तात मिळवतो.

धूमकेतू:
आता माझा हुकमाचा पत्ता. त्या मासिकाचा संपादक कॅम्पबेल यानं ही कथा तीनदा परत पाठवली, असं सांगतात. गॉडविन दरवेळी मुलीला वाचवायची नवी युक्ती काढायचा म्हणून. म्हणजे वाट होती! ती बुजवली संपादकानं.

रुद्रवीणा:
मग? शोकांतिकेत वाटा बुजवायलाच लागतात, ते काम लेखकानं करो की संपादकानं. तुम्हाला कुलूप हवंय, म्हणजे तुम्हाला ही कथाच नकोय. आणि त्या सहा आजारी माणसांचं काय? तुमच्या एवढ्या रागात त्यांचा उल्लेख एका ओळीपुरता.

अर्धविराम:
तो दोष धूमकेतूंचा नाही. गॉडविननंही त्यांच्यातल्या कुणाचा चेहरा दाखवलेला नाही. दाखवला असता तर बार्टनच्या बाजूनं भांडणारे या धाग्यावर जास्त निघाले असते.

नटबोल्ट:
दाखवला असता तरी मी आधी कुलूपच विचारलं असतं.