मदत हवी आहे: निन्टेंडो स्विच टीव्हीला जोडलं की इकारुगात रंग उशिरा पलटतो

ट्रेझरचा २००१ चा आर्केड शूटर इकारुगा, स्विचवरची आवृत्ती. हातात धरून खेळताना सगळं झकास. डॉकला (टीव्हीला जोडणाऱ्या स्टँडला) लावलं की विमानाच्या काळ्या-पांढऱ्या रंगाची अदलाबदल उशिरा होते आणि विमान विरुद्ध रंगाच्या गोळीत सापडतं. एकाच रंगाचे तीन-तीन शत्रू मारत साखळी धरायची, नवव्या साखळीला २५,६०० गुण. तिथे असा उशीर म्हणजे सगळंच मुसळ केरात.

मोबाइलच्या सेकंदाला २४० फ्रेमच्या स्लो-मोशनमध्ये बटण आणि स्क्रीन एकत्र टिपलं. बटण दाबल्यापासून विमान वळायला लागेपर्यंत हातात २५ फ्रेम, टीव्हीवर ४३. फरक १८, म्हणजे ७५ मिलिसेकंद. गेम सेकंदाला ६० फ्रेमचा, तेव्हा गेमच्या साडेचार फ्रेम गेल्या!

टीव्हीचा गेम मोड चालू आहे, मोशन स्मूदिंग बंद. प्रो कंट्रोलर यूएसबी वायरने जोडून सेटिंगमध्ये वायर्ड कम्युनिकेशनही चालू केलं, जेमतेम एखाद्या फ्रेमचा फरक. त्यामुळे संशय टीव्हीवरच.

दोन गोष्टी सांगा:

१. एचडीएमआय इनपुटचं नाव बदलून 'पीसी' केल्यावर कुणाच्या टीव्हीवर उशीर खरंच घटला का? रंग बिघडले तरी चालतील.

२. नाहीतर २४ इंची मॉनिटर उभा लावायचा विचार आहे, कारण गेमचं चित्रच उभं आहे. १०८० च्या आडव्या स्क्रीनवर चित्र ८१० × १०८० मिळतं, उभ्यावर १०८० × १४४०. मॉनिटरच्या पडद्याच्या प्रकारांपैकी टीएन पॅनल उभं केलं की बाजूने रंग उडतात, म्हणून आयपीएस प्रकारचंच हवं. मॉनिटरच्या पाठीवरच्या १०० × १०० मिलिमीटरच्या भोकांना बसणारा, पूर्ण ९० अंश फिरणारा आणि न डुगडुगणारा स्टँड कोणता घ्यावा?