मदत हवी आहे: स्की-जंपवरून सुटलेलं विमान माझ्या गणितात बुडतंय

मंडळी, कॅटापल्टशिवाय (विमान जोरात पुढे फेकणारं यंत्र), फक्त स्की-जंपवरून, म्हणजे टोकाला वर वळलेल्या डेकवरून, विमानवाहू नौकेवरून उड्डाण कसं होतं याचं गणित एक्सेलमध्ये मांडतोय, पण अडकलोय. धाव 195 मीटर (रशियाच्या कुझनेत्सोव्ह नौकेवरची लांब धाव तेवढीच), टोकाचा चढ (रॅम्प) 14 अंश, विक्रांतसारखा. टोकाला डेकच्या मानाने वेग येतो सेकंदाला 55 मीटर. एवढ्यात पंख सगळं वजन पेलत नाहीत हे मान्य. वर फेकलं गेल्याने वेग वाढवायला जो वेळ मिळतो, तीच तर सगळी गंमत. 55 गुणिले साइन 14, म्हणजे वरच्या दिशेचा वेग साधारण 13. पंखांची उचल शून्य धरली तरी टोकाच्या पातळीला परत यायला 2.7 सेकंद.

जहाजाचा वेग आणि वारा मिळून होणारा सेकंदाला 15 मीटरचा वेग मी या 13 मध्येही मिसळला होता. तो आडवा, म्हणून काढला (शाळेतली चूक, हसू नका). काढल्याबरोबर विमान थेट पाण्यात!

इंजिनाचा जोर मी फक्त आडवा धरलाय. त्याचा वरचा भाग काढताना नाकाचा कोन घ्यायचा की उड्डाणमार्गाचा? आणि रॅम्पच्या वक्रतेमुळे चाकांवर येणारा जादा भार कसा मोजायचा? तयार सॉफ्टवेअर नको, सूत्र समजून घ्यायचंय.